मूळ धरेपर्यंत

“ही रुई आहे,” आई म्हणाली. “विलास, ही रुईच ना रे? का माझे डोळे गेले?”

दादानं वाकून पाटी वाचली. “आक लिहिलंय. म्हणजे हो, रुईच.”

“आपल्या बांधाला रुई, उकिरड्यावर रुई, मारुतीच्या देवळामागं रुई. आणि तू मला तिकीट काढून रुई बघायला आणलंस?”

“आई, ही वाळवंटातल्या झाडांची बाग आहे. सगळी इथलीच, देशी झाडं. परदेशातून माणसं येतात मुद्दाम बघायला.”

“येऊ देत की. त्यांच्याकडं रुई नसेल.”

मी आईच्या काखेत हात घालून उभी होते. तिच्या उजव्या हातात काठी, डावी बाजू सगळी माझ्यावर. सकाळचे दहासुद्धा वाजले नव्हते, पण दसऱ्याचं ऊन म्हणजे जोधपुरात वैशाखच. शहराबाहेरच्या तांबड्या खडकाळ टेकडीवर ती बाग होती. बाग आपली म्हणायला. खडकाच्या फटीतून वर आलेली खुरटी झुडपं, काटे, धुळकट पानं आणि प्रत्येकापुढं एक पाटी. मला वाटत होतं, कुणीतरी खाली सतरंजी टाकावी आणि सांगावं, शालन, झोप. मी त्या काट्यांत झोपले असते.

दादानं आठवडाभर आम्हाला इतकं जोधपूर दाखवलं होतं, की मला त्या गावाचा वीट आला होता. किल्ला झाला, राजवाडा झाला, तळी झाली, बाजार झाला. मी तिथं बघायला गेलेच नव्हते. मला एकच वाक्य बोलायचं होतं. ‘दादा, आईला आता तुझ्याकडं ठेवून घे.’ पण मी नुसतं “दादा, जरा बोलायचं होतं,” म्हटलं, की हा गाडीची किल्ली उचलायचा. “चला चला, ऊन व्हायच्या आत तळं बघून येऊ!” माझा दादा सरकारी कचेरीत हिशेबनीस होता, पण त्या आठवड्यात त्यानं गाइडलाही मागं टाकलं. आता दाखवायला ही काट्यांची बागच तेवढी उरली होती, आणि परवा माझी गाडी होती.

माझी म्हणते, कारण परतीचं तिकीट मी एकच काढलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. पर्सच्या आतल्या कप्प्यात ते घडी घालून ठेवलं होतं.

आईचं खुब्याचं हाड मोडलं त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून मी रात्रभर सलग झोपले नव्हते. दिवसा सांगोल्यातल्या मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवायचं, दुपारच्या सुट्टीत घरी पळायचं, तिला जेवायला घालायचं, पुन्हा पळायचं. रात्री तिची हाक आली की उठायचं, तिला उचलायचं, न्यायचं, आणायचं, झोपवायचं. आणि माझा डोळा लागतोय न लागतोय तोवर पुन्हा, “शाले...”

अशात मला त्रेचाळिसाव्या वर्षी मागणी आली. हसू नका, मीही हसले होते. रघुनाथ माने, एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. शाळेच्या सहलीची गाडी ठरवायला मी गेले, की ते मला चहा पाजायचे. एकदा त्यांनी सरळच विचारलं. पण त्यांच्या घरी अंथरुणावरचे वडील होते. “शालनबाई, मी एकाला उचलतो, तुम्ही एकीला उचलता,” ते म्हणाले, “लग्न करून दोघांनी मिळून दोघांना उचलत बसायचं, तर लग्न कशाला म्हणायचं? तुमच्या भावाला विचारून बघा. तुळशीच्या लग्नापर्यंत मी थांबतो.” मला त्यांचा राग आला नाही. दमलेल्या माणसाचं बोलणं दमलेल्या माणसाला कळतं.

“मला बसव बाई कुठंतरी,” आई म्हणाली.

एका झाडाखाली दगडी बाक होता, तिथं मी तिला टेकवलं. पदरानं तिचा चेहरा पुसला, पाणी पाजलं. दादा पुढं जाऊन पाट्या वाचत होता. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. मी त्याला गाठलं.

“दादा, मला तुझ्याशी बोलायचंय.”

“हा बघ, रोहिडा. फाल्गुनात याला अशी भगवी फुलं येतात—”

“फाल्गुन गेला चुलीत. रघुनाथरावांचं मी वहिनीला सांगितलं होतं. तुला कळलंय ना?”

“कळलंय की. चांगलंच आहे.” तो पाटीकडंच बघत होता. “खरंच चांगलं आहे, शालन.”

“मग आईचं काय करायचं?”

“बोलू. संध्याकाळी निवांत बोलू. आज सणाचा दिवस आहे, उगाच कशाला?”

“आठवडाभर संध्याकाळच होतेय माझी.”

त्याच्या मानेवर घाम आला होता. केस पार पांढरे झाले होते आणि मला ते त्या दिवशीच पहिल्यांदा दिसलं. त्याचंही काही सोपं नव्हतं हे मला कळत होतं. दोन खोल्यांचं क्वार्टर, बारावीतली मुलगी, शाळेत नोकरी करणारी बायको. शिवाय वहिनीचं आणि आईचं कधीच जमलं नव्हतं. मागं एकदा आई महिनाभर म्हणून आली होती आणि आमटीतल्या मिठावरून आठव्या दिवशी परतली होती. सगळं कळत होतं. पण माझेही हात गळून गेले होते.

“विलास!” आईची हाक आली. “या झाडाचं नाव काय रे?”

दादा सुटला. जवळजवळ धावतच गेला आणि पाटी वाचून दाखवायला लागला. “खेजडी. म्हणजे... अरे वा, आई, ही तर शमी! आपली शमी ती हीच.”

आईचा चेहरा एकदम खुलला. सकाळपासून ती धुसफुसत होती, कारण या गावात आपट्याचं पान मिळालं नव्हतं. दसऱ्याला सोनं द्यायचं नाही म्हणजे तो दसरा कसला, असं तिचं म्हणणं. वहिनीनं आदल्या दिवशी बाजारात चौकशी केली, तर भाजीवाल्यानं तिला कढीपत्ता काढून दिला होता.

“आपटा नाही तर शमी. आणि खरा मान तिचाच,” आई म्हणाली. “शाले, दोन डहाळ्या काढ गं. घरी सगळ्यांना सोनं होईल. विलासच्या कचेरीत देऊ, शेजाऱ्यांना देऊ.”

आपल्याकडं दसऱ्याला झाड ओरबाडायचं म्हणजे पुण्यच की हो. कुणी विचार करतं का? मीही केला नाही. वर हात घातला, चांगली पालेदार डहाळी धरली आणि ओढली. काटा बोटात गेला. मी हिसका दिला तशी नुसती डहाळी नाही, तर मनगटाएवढी फांदीच सालीसकट फाटून खाली आली. पांढरं लाकूड उघडं पडलं.

“ए बहनजी!”

बागेचा राखणदार होता. सकाळी दारातच त्यानं आम्हाला नाव सांगितलं होतं, हापुराम. पन्नाशीचा, पांढरं धोतर, पांढरं पागोटं. तो खडकावरून धावत आला आणि झाडापाशी येऊन थांबला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं फाटलेल्या जागेवर तळवा ठेवला आणि तसाच उभा राहिला.

“यह क्या किया, बहनजी?” तो म्हणाला. “खेजडी तोड़ दी?”

मग त्यानं हिंदीत सांगितलं ते असं. तो बिश्नोई. त्यांच्यात हिरवी खेजडी तोडणं म्हणजे माणूस मारण्यासारखं. या झाडासाठी त्यांच्या वाडवडिलांनी, बायाबापड्यांनी माना दिल्यात. जनावरं उपाशी मेली त्या दुष्काळातही त्याच्या आज्यानं उभी खेजडी कापली नव्हती. “और आपने त्योहार के दिन तोड़ दी.”

माझ्या हातात ती फांदी. टाकावी तरी पंचाईत, धरावी तरी पंचाईत.

तेवढ्यात दादा पुढं आला. तसा तो भिडस्त माणूस, आणि त्या बागेचा वरचा अधिकारी त्याच्या ओळखीचा. त्यानं हात जोडले आणि घाईघाईनं म्हणाला, “माफ करना भाई. गाँव के लोग हैं, इनको पता नहीं. मेहमान हैं. परसों चली जाएँगी, दोनों.”

दोनों.

मी आठवडाभर जे विचारायला धडपडत होते, त्याचं उत्तर मला असं मिळालं. विचारायच्या आधीच. परक्या माणसाला, परक्या भाषेत. मला रडूही आलं नाही. मी बाकावर आईशेजारी जाऊन बसले. तुळशीचं लग्न गेलं, रघुनाथराव गेले, झोप गेली. परत गेल्यावर पहिल्याच रात्री “शाले...” अशी हाक येणार आणि मी उठणार. आता जन्मभर उठणार. एवढंच डोक्यात येत होतं.

आईनं माझ्याकडं बघितलं. मग दादाकडं बघितलं. तिला हिंदी धड बोलता येत नव्हतं, पण टीव्हीच्या मालिका बघून कळायचं सगळं.

“हापुरामजी,” ती म्हणाली, “बहनजी ने नहीं, मैंने तोडी. मैं बोली म्हणून तिने तोडी. पाप माझं. आता याला उपाय काय?”

“उपाय क्या, माँजी. टूटी सो टूटी.”

“तुमच्यात कुणाच्या हातून चुकून मोडली, तर काय करतात?”

हापुराम जरा घुटमळला. बागेचा असा काही नियम नाही, म्हणाला. पण त्याच्या घरची रीत आहे. ज्याच्या हातून मोडली त्यानं खेजडीचं एक रोप लावायचं आणि स्वतःच्या हातानं पाणी घालायचं, रोपानं मूळ धरेपर्यंत. दुसऱ्याच्या हातचं पाणी चालत नाही.

“रोज घालायचं?”

“नहीं माँजी, खेजडी है. हफ्ते में एक बार बहुत हुआ.”

“आणि मूळ धरायला किती दिवस?”

“उसकी मर्जी. एक बरसात, दो बरसात. खेजडी जल्दी नहीं करती.”

आईनं मान डोलावली, काठी दोन्ही हातांत धरली आणि म्हणाली, “मग काय, विलास. मला राहावं लागणार.”

“आई!” दादा दचकला. “अगं, तो एक बोलण्यातली रीत सांगतोय. आपण रोप लावू, दक्षिणा ठेवू—”

“दक्षिणेनं मूळ धरतं होय रे? ऐकलं नाहीस, ज्यानं मोडली त्यानंच पाणी घालायचं? दसऱ्याच्या दिवशी शमी मोडलीय मी. दसऱ्याच्या! तुझ्या घरी पाहुणी म्हणून आले असताना मोडली. तशीच निघून गेले, तर ते पाप बसायचं कुणाच्या उंबऱ्यावर? यंदा तुझ्या पोरीची बारावी आहे.”

दादाचा चेहरा पडला. वहिनी मंगळवारी केससुद्धा धूत नसे, आणि दादाही त्याच गाडीत बसलेला. हे वाक्य घरी गेल्यावर वहिनीच्या कानावर पडणार आणि मग सुटका नाही, हे त्याला कळून चुकलं. हापुराम तर हात जोडून उभा होता. अशी म्हातारी त्यानं बघितली नसावी.

“माँजी, आप सच में आएँगी?” त्यानं विचारलं.

“न येऊन जाते कुठं? हा माझा लेक, गाडी आहे त्याच्याकडं. दर रविवारी आणील. आणशील ना रे?”

दादानं रुमालानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत होता. “आणीन,” म्हणाला.

मी आईकडं बघतच राहिले. ही बाई एकादशीला सांडगे तळून खाणारी. सोळा सोमवार धर म्हणून शेजारणीनं मला सांगितलं, तर “सतराव्या सोमवारी काय नवरा आकाशातून पडणार आहे?” असं म्हणून तिला हाकलून देणारी. हिला कसलं आलंय पाप?

हापुरामनं काळ्या पिशवीतलं रोप आणलं, वीतभर, काडीसारखं. खडक फोडून केलेल्या एका खड्ड्यात ते लावलं. आईला खाली बसता येत नव्हतं, म्हणून मी तिला मागून कवेत धरलं आणि तिनं वाकून लोट्यानं पाणी घातलं. पाणी एका दमात जमिनीत गेलं. आईचं सगळं वजन माझ्या हातांवर होतं. हे आता शेवटचंच, असं माझ्या मनात आलं आणि मग मात्र मला रडू आलं. दादा दुसरीकडं बघत राहिला.

घरी वहिनीनं सगळं ऐकलं. स्वयंपाकघरात एक पातेलं जोरात आपटलं. मग बाहेर येऊन तिनं दादाला एवढंच विचारलं, “पलंग कुठं टाकायचा?”

जेवणं झाली. पानात श्रीखंड होतं, पण कुणाचंच लक्ष नव्हतं. दुपारी मी आईच्या पिशवीतले कपडे काढून वहिनीनं रिकाम्या करून दिलेल्या फळीवर लावत होते. आई पलंगावर आडवी होती.

“आई, तू हे मुद्दाम केलंस.”

“काय मुद्दाम? फांदी तू मोडलीस.”

“मला परत घेऊन चल म्हण. अजून तिकीट मिळेल.”

“येताना दोन तिकिटं होती, टीसीला दाखवलीस. जातानाची मला दाखवली नाहीस. तेव्हाच समजले मी.”

माझ्या हातातलं लुगडं तसंच राहिलं. “आई, मी तसं—”

“गप. माझं ऐक.” ती छताकडं बघत बोलत होती. “रात्री मी हाक मारते ना, तू ‘आले’ म्हणतेस. आणि उठताना एक उसासा टाकतेस. बारीकच. तुला वाटतं मला ऐकू येत नाही. चार वर्षं मी तो उसासा ऐकतेय, शाले. किती वेळा तुला हाक मारायची नाही म्हणून मी तशीच पडून राहते, ठाऊक आहे? मग नाही राहवत आणि मारते.”

मी तिच्या पायाशी बसले.

“मीही दमलेय गं,” ती म्हणाली. “तुझा उसासा ऐकून दमलेय. आता जरा विलासचा ऐकते. त्याचे सगळे उसासे बाकी आहेत.”

“इथं तुझ्याशी बोलायला कोण आहे?”

“सून आहे की. भांडायला तर भांडायला. आणि हे बघ, मला घ्यायला म्हणून येऊ नकोस. रोपानं मूळ धरलं, की मीच कळवीन. तोवर इकडं फिरकायचं नाही. आता ते लुगडं नीट घडी कर, चोळामोळा केलास.”

परवाच्या गाडीनं मी एकटी निघाले. दादानं स्टेशनवर पाण्याची बाटली घेऊन दिली. काहीतरी बोलेल असं वाटलं, पण त्यानं “खिडकीपाशी बस” एवढंच म्हटलं. गाडी हलली आणि मी आडवी झाले. कुणी हाक मारली नाही. शेजारच्या बाईनं मला दुसऱ्या दिवशी दुपारी हलवून उठवलं, तिला वाटलं मी आजारी आहे.

मार्गशीर्षात आमचं लग्न झालं. आई आली नाही. “रोप सोडून कशी येऊ?” म्हणाली. पुढं दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन यायचा, बागेतून आल्यावर. सुनेची तक्रार, ऊन, नातीचे मार्क, आणि शेवटी मी विचारायचे, “धरलं का मूळ?”

“कुठलं गं? पानं आहेत, पण मूळ नाही धरलं, असं हापुराम म्हणतो. तुझं चालू दे.”

पहिला पावसाळा गेला, दुसरा गेला. माझे सासरे वारले. मी रघुनाथरावांना म्हटलंही, आता आपलं घर मोकळं आहे, आईला आणू या का? ते हो म्हणाले. मी फोनवर विचारलं तर आई खेकसली. “अर्धवट सोडू होय? अजून नाही धरलं मूळ.” तिसऱ्या हिवाळ्यात ती गेली. झोपेतच गेली. आदल्या रविवारीही मला तेच म्हणाली होती, अजून नाही गं.

तेराव्यानंतर मी दादाला म्हटलं, “मला त्या बागेत ने.”

वहिनीही आली. तिचे डोळे सुजलेले होते. गाडीत ती म्हणाली, “आता आमटीत मीठ कमी पडलं, तर सांगणार कोण?” आणि खिडकीबाहेर बघत बसली.

हापुराम दारातच भेटला. त्यानं पागोटं काढून हातात घेतलं आणि पुढं चालू लागला. खड्ड्याच्या जागी माझ्या कमरेएवढी खेजडी उभी होती. बारीक, काटेरी, हिरवीगार. अशी, की तिला आता कुणाच्या पाण्याची गरज नव्हती.

“हिनं मूळ धरलं कधी?” मी विचारलं.

“कब का, दीदी,” हापुराम म्हणाला. “पहली ही बरसात में. माँजी ने मिठाई बाँटी थी सबको.”

मी दादाकडं वळले. तो खाली वाकून झाडाच्या बुंध्यापाशी पडलेली काटकी उचलत होता.

“दादा, तुला माहीत होतं?”

“दर रविवारी मीच आणत होतो तिला. मला माहीत नसेल?”

“मग मला का नाही सांगितलंस? तिची शिक्षा तर केव्हाच संपली होती. तूही सुटला असतास.”

दादा काटकी हातात धरून उभा राहिला. वहिनीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“सांगितलं असतं, तर तू तिला न्यायला आली असतीस,” तो म्हणाला.